ओळखीचा मेस्त्री आणि जुनी गाडी

जुनी गाडी बघायला जाताना ओळखीचा मेस्त्री फुकटात सोबत नेऊ नये, असे माझे पक्के मत झाले आहे. हे मत होण्यासाठी जे पैसे गेले ते माझ्या मामेभावाचे होते. म्हणून ते मांडताना थोडी लाजही वाटते, कारण त्या दिवशी गाडी बघायला मीही गेलो होतो आणि दोन कप चहा पिऊन, मान डोलावून परत आलो होतो.

मामेभाऊ तासगावला राहतो. मुमानीचे, म्हणजे मामीचे, डायलिसिस मिरजेला आठवड्यातून तीनदा. एसटीने जाताना ठीक, पण चार तास मशीनवर पडून राहिलेले माणूस संध्याकाळच्या गर्दीत उभे राहून परत कसे येणार? रिक्षावाल्याने महिन्याचा जो आकडा सांगितला तो ऐकून गाडीच घ्यायची ठरले. भिशीचे पैसे आले होते, थोडे सोने मोडले, आणि ३ लाख १० हजार रुपये हातात आले. हे २०२२ सालच्या सुरुवातीचे.

त्याच्या लहानपणीच्या दोस्ताचे गॅरेज आहे. त्याला घेऊन आम्ही एका गाडीबाजारात गेलो. पांढरी, डिझेलवर चालणारी, लांब डिकीची गाडी. आतून नवे सीटकव्हर, नवे मॅटिंग, अत्तरासारखा वास. दोस्ताने बोनेट उघडले, इंजिन रेस केले, कान लावला आणि म्हणाला, "भाई, मक्खन है. आँख मूँद के ले." मामेभावाने तसेच केले, डोळे मिटून घेतली.

सहा महिने गाडी बरी चालली. मग पॉवर विंडो एकेक करून बंद पडल्या. मग मीटरवर एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मिरजेहून परतताना गाडी रस्त्यातच बंद पडली. पाऊस सुरू, मागच्या सीटवर मुमानी, हाताला पट्टी. दीड तासाने एक टेम्पो मिळाला. दुसऱ्या दिवशी मिरजेतल्या एका वायरिंगवाल्याने सीट काढली, मॅटिंग उचलले आणि खालचा फोम दाबून दाखवला. बोटांना वाळलेला गाळ लागला. गाडी जुलै २०२१ च्या पुरात उभी होती.

सांगली-मिरजेकडच्या माणसाला पूर म्हणजे काय ते सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, दोन वर्षांनी पुन्हा पाणी घरात आले. तिकडे चिपळूणला २२ जुलै २०२१ ला एका रात्रीत बाजारपेठ बुडाली. या सगळ्या पाण्यात गाड्या होत्या. विमा कंपनी अशा गाडीचे पूर्ण नुकसान धरून मालकाला पैसे देते आणि बुडालेली गाडी भंगाराच्या लिलावात निघते. ती विकत घेणाऱ्यांतले सगळेच भंगारवाले नसतात. धुतली, वाळवली, नवे कव्हर चढवले, की ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या गाडीबाजारात उभी राहते. पाण्याने इंजिन लगेच मरत नाही, मरते ते वायरिंग. जोडांमधले तांबे हिरवे पडत जायला सहा-आठ महिने लागतात आणि तोपर्यंत गाडी तुमच्या दारात असते.

दोस्ताला गाळ दिसला नव्हता का? मला वाटते त्याने मॅटिंग उचललेच नाही. त्याला त्या व्यवहारात गाडीबाजारवाल्याकडून पाच हजार मिळाले होते, हे पुढे कळले. मामेभाऊ त्याच्याशी बोलत नाही. मी मात्र त्याच्यावर जितका चिडायला हवे तितका चिडू शकलो नाही. का, ते सांगतो.

आमच्याकडच्या कुठल्याही शहरात गॅरेजची ओळ बघा. डेंटिंगवाला, पेंटर, वायरमन, कुशन शिवणारा, रेडिएटरवाला, यांत आपल्या समाजाची पोरे किती आहेत ते मोजायची गरज नाही. दहावीच्या आधी शाळा सुटलेली, बारा-तेराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून द्यायला लागलेली पोरे. कानाने इंजिन ओळखतात. आणि या कौशल्याचे आपण काय देतो? ऑइल बदलले तर पैसे, क्लच प्लेट टाकली तर पैसे. पण "जरा चल, एक गाडी बघून येऊ" म्हणत त्याचा अर्धा दिवस घेतला तर चहा आणि वडापाव. दोस्तीखात्यात. त्याच वेळी समोरचा गाडीबाजारवाला त्याच्या खिशात पाच हजार घालतो. तपासणीची मजुरी एकच माणूस देत असेल, तर तपासणी त्याच्याच बाजूने होणार. डॉक्टरला आपण नाडी बघायचेही पैसे देतो. गाडीच्या नाडीचे मात्र देत नाही आणि वर इमानाची अपेक्षा करतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. तुमचा जिगरी नसलेला, पण ज्या कंपनीची गाडी घ्यायची तिच्यावर रोज काम करणारा मेस्त्री शोधा. आधीच सांगा की बघण्याचे पाचशे-हजार रुपये देईन, गाडी घेतली तरी आणि सोडली तरी. शक्यतो गाडी नाकारली तर शंभर जास्त द्या. तीन लाखांच्या व्यवहारात ही रक्कम अर्धा टक्काही नाही. तो विकणाऱ्याला ओळखत असेल तर दुसरा शोधा.

रोखीने गाडी घेणाऱ्यांना तर हे जास्तच लागू आहे, आणि आपल्यात रोखीने घेणारे पुष्कळ. व्याजाचे कर्ज नको ही त्यामागची भावना मी समजतो, माझीही तीच आहे. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा चढा असतो, त्यामुळे नुसत्या हिशेबानेही रोख बरी. पण कर्ज घेणाऱ्याला एक गोष्ट आपोआप मिळते, ती आपल्याला मिळत नाही. बँक गाडीचे मूल्यांकन करून घेते, आरसी तपासते, आधीचा बोजा उतरला का ते पाहते. तिला आपल्या पैशाची काळजी असते. भिशीचे पैसे घेऊन गेलेल्या माणसामागे असे कोणी उभे नसते. उलट पैसे घरात आले की ते खर्च होण्याच्या आत गाडी घ्यावी अशी घाई सुरू होते. आम्ही त्या पांढऱ्या गाडीसमोर एकूण चाळीस मिनिटे होतो. मुलीसाठी स्थळ बघायला गेलो की आम्ही यापेक्षा जास्त वेळ बसतो.

मिरजेच्या त्या वायरिंगवाल्याने पुढे आम्हाला गाडी बघायला शिकवले. त्यातले लक्षात राहिलेले सांगतो. सकाळी लवकर जा आणि विकणाऱ्याला फोनवर बजावून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नको. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागले तर काहीतरी लपवायचे आहे असे समजा, कारण थंड इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जाते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा लगदा दिसला तर तिथूनच सलाम करून निघा.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. वरचा पट्टा धुतलेला असतो, आतल्या टोकाला पाण्याची रेघ तशीच राहते. सीटखालचे बोल्ट बघा. बाकी गाडी चकचकीत आणि बोल्ट तेवढे गंजलेले, असे होत नाही. डिकीत स्टेपनी उचलून तिच्याखालचा खड्डा बघा. हेडलाइटच्या आत धुके किंवा गाळाची रेषा आहे का बघा. आणि गाडीत अत्तर मारले असेल तर काचा बंद करून, एसी न लावता, दहा मिनिटे उन्हात बसा. अत्तर हरते, ओल जिंकते.

अपघाताची गाडी पत्र्यावरून कळते. दरवाजा आणि बॉडीमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडले आहेत. नुसता फेंडर बदललेला असणे हा गुन्हा नाही, आपल्या रस्त्यांवर ते होतेच. पण बोनेटखालच्या ॲप्रनवर हाताने केलेले वेल्डिंग असेल तर ती गाडी घेऊ नये. मीटरवरच्या आकड्यावर तर विश्वास ठेवूच नका. मीटर मागे फिरवणे हे थोड्या पैशांचे काम आहे. त्यापेक्षा ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि कंपनीच्या वर्कशॉपमधल्या जुन्या सर्व्हिसच्या नोंदी बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. मीटर ३० हजार दाखवतो आणि चारही टायर एकदा बदललेले, तर मीटर खोटा आहे.

मग चालवून बघा, आणि गल्लीत एक चक्कर मारून परत येऊ नका. खड्ड्यांचा रस्ता, चढ, स्पीडब्रेकर, थोडा हायवे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. टकटक आवाज आला तर ॲक्सलचा खर्च आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, दुसरा गिअर कुरकुरतो का, हे तुम्हालाही कळेल, त्याला मेस्त्री लागत नाही.

आता कुठली गाडी. इथे माझे मत तरुण वाचकांना आवडणार नाही. रोजच्या वापरासाठी तीच गाडी घ्या जी तुमच्या गावात दर दहाव्या दारात उभी आहे. वॅगन आर, अल्टो, स्विफ्ट, आय टेन, पेट्रोलवर चालणाऱ्या. दिसायला साध्या, लग्नात दारात लावली तर कोणी वळून बघणार नाही. पण तालुक्याच्या दुकानात तिचा लोअर आर्म दुपारी मिळतो आणि संध्याकाळी गाडी घरी येते. भारतातून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या स्वस्त दिसतात. शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या वाईट नव्हत्या, काही तर फार चांगल्या होत्या. पण डायलिसिसला जाणाऱ्या घराने एखाद्या सेन्सरसाठी आठवडाभर थांबायचे का, हा प्रश्न आहे.

डिझेलचा मोह आमच्याकडे फार. हिशेब करून बघा. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा. पेट्रोल १०४ रुपये आणि सरासरी १७ चा ॲव्हरेज, तर साधारण ६१ हजार लागतात. डिझेल ९१ रुपये आणि २० चा ॲव्हरेज, तर साडेपंचेचाळीस हजार. वर्षाला पंधरा-सोळा हजार वाचले. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा टर्बो एकदा गेले की हे सगळे आणि वर आणखी जाते. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा हिशेब वेगळा, तो त्याने करावा. दिल्लीहून स्वस्तात आलेल्या डिझेल गाड्यांचेही तसेच. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या स्वस्त झाल्या. इथे आणताना एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवे पासिंग हे सगळे धरले की स्वस्ताई बरीच आटते.

एका बाबतीत मात्र माझ्याच सल्ल्याला खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. या छोट्या जुन्या गाड्या धडकेत फार कच्च्या आहेत. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची चाचणी घेतली, त्यात अल्टो ८०० आणि आय टेनही होत्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. चालकाची एअरबॅग आणि एबीएस सर्व गाड्यांना सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये. तेव्हा पैसे पुरत असतील तर २०१९ नंतरची गाडी घ्या, आणि नसतील पुरत तर निदान वरचे मॉडेल शोधा, ज्यात या गोष्टी आधीपासून होत्या. आणि सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाडीची किंमत कोणी जुन्या हिशेबाने सांगत असेल तर त्याला नव्या गाडीचा आजचा दर दाखवा.

कागदांबद्दल थोडक्यात लिहितो, पण दुर्लक्ष करू नका. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर जाऊन जुळवा. थकलेली ई-चलने बघा. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि तीस दिवसांच्या आत गाडी तुमच्या नावावर. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा अर्ज द्यावा लागतो; आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा. विकणाऱ्यांनीही ऐकावे. "टीटी फॉर्मवर सही केली, आता माझा काय संबंध" असे म्हणू नका. नाव न बदलता हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या अपघातात, आरसीवर ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ठरवले आहे.

आता त्या पांढऱ्या गाडीकडे परत येतो, कारण खरी अडचण पुढेच आली. वायरिंगवाल्याने चौदा हजारांत गाडी चालू करून दिली आणि म्हणाला, चार-सहा महिने काढेल. गाडीबाजारवाल्याने पावतीवरचे "जशी आहे तशी" हे शब्द दाखवून हात वर केले. मामेभाऊ म्हणाला, "भाईजान, आपणही तशीच काढून टाकू. आपल्याला कोणी सांगितले होते का?" एका ग्राहकाने अडीच लाख देऊ केले होते. पुण्याचा माणूस, पूर बघितलेला नाही.

मी लगेच नाही म्हणालो असे लिहायला आवडले असते, पण तसे झाले नाही. समोर मुमानीच्या औषधांची बिले होती. दोन दिवस घरात हाच विषय. रसूलल्लाहांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, ही हदीस आम्हा दोघांनाही मदरशापासून पाठ होती. ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले होते. आमच्या ढिगात तर ओलही खरीखुरी पुराचीच होती. फिकहमध्ये खियार-ए-ऐब म्हणून एक हक्क आहे: लपवलेला ऐब निघाला तर घेणाऱ्याला माल परत करता येतो. मामेभाऊ म्हणाला, मग तो हक्क मला गाडीबाजारवाल्याने का दिला नाही? याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आजही नाही. शेवटी मुमानी स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या पुण्याच्या माणसाच्या गाडीत पण कोणाची तरी आई बसणार असेल."

गाडी एका स्पेअर पार्टवाल्याला सगळे सांगून विकली. १ लाख २० हजार आले.

त्यात माझे साठ हजार कर्जे हसना म्हणून घातले. ते तो परत करतो आहे, घाई नाही. आणि मिरजेच्या त्याच वायरिंगवाल्याच्या ओळखीने नव्हे, तर त्याने नाव सांगितलेल्या दुसऱ्याच एका मेस्त्रीला प्रत्येक गाडीमागे सातशे देऊन आम्ही तीन गाड्या बघितल्या. पहिलीच्या ॲप्रनला वेल्डिंग होते. दुसरीच्या मालकाने गाडी गरम करून ठेवली होती. मेस्त्रीने बोनेटवर हात ठेवला, काही न बोलता मोटारसायकलला किक मारली आणि सातशे घेतले. तिसरी एका निवृत्त शिक्षकाची २०११ ची वॅगन आर, एका हातातली, सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या पिशवीत नीट लावून ठेवलेल्या. मेस्त्रीने सस्पेन्शनचे बुश आणि बॅटरीचा खर्च काढून दिला, शिक्षकांनी तेवढे कमी केले आणि १ लाख ७० हजारांत व्यवहार झाला. उरलेले दहा हजार आम्ही खर्च न करता बाजूला ठेवले होते, ते पहिल्याच महिन्यात दोन टायरना आणि बेल्टला लागले.

२०२६ मध्ये तिची पंधरा वर्षे भरतात. फिटनेस तपासून पाच वर्षांचे नूतनीकरण करायचे, त्याची पाच हजारांची फी आणि वर पर्यावरण कर. मामेभाऊ विचारत होता, करावे का. मी म्हटले, मला विचारू नकोस, मेस्त्रीला सातशे दे आणि त्याला विचार.